आधी विमानाला जागा

हे सगळं मला नीट आठवतं की नाही, याची मला खात्री नाही. एकेकाळी सौदीत अल-खोबरला असलेले आम्ही पाच-सहा मराठी इंजिनीअर आता पुण्यात स्थिरावलो आहोत. वर्षातून एकदा जेवायला जमलो की कुणीतरी म्हणतंच, "डॉक्टर, विमानाचं होऊ द्या!" मी सांगतो. दर वर्षी एखादा किस्सा वाढतो. तो मी वाढवला की ऐकणाऱ्यांनी, हे मला कळत नाही. बायको शेजारी बसून दुरुस्त्या करते. तिनं मान्य केलंय तेवढंच इथे लिहितो.

आणि मी औषध देणारा डॉक्टर नव्हे. धातू कसे गंजतात, यावर माझी पीएचडी!

*

इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हाची गोष्ट. कुवेतची हद्द आमच्यापासून गाडीनं चार तासांवर. बायकोला आणि बारा वर्षांच्या मीनलला भारतात पाठवायचं ठरवलं. पण देश सोडायच्या परवानगीला कफीलची, म्हणजे तिथल्या हमीदाराची, सही लागे, आणि आमचे पासपोर्टही त्याच्याच ऑफिसात. आमचा कफील म्हणजे कंपनीचा मालक, अबू खालिद. अर्ज देऊन आठवडा झाला, म्हणून मी विचारायला गेलो.

त्यानं मला कहवा पाजला आणि म्हणाला, "डॉक्टर, माझ्या विमानाला जागा शोध."

त्याचं स्वतःचं छोटं विमान होतं. चाकांऐवजी खाली होडीसारखे दोन लांब, पोकळ फ्लोट. पाण्यावर उतरायचं, पाण्यावरूनच उडायचं. कंपनीच्या धक्क्याला ते बांधलेलं असे. आता संरक्षणासाठी किनाऱ्यावर सैन्य येत होतं आणि धक्का रिकामा करायचा हुकूम निघाला होता.

"आणि माझा अर्ज?"

"आधी विमान. मग बघू. इन्शाल्ला!"

काम तोंडी मिळालं तरी त्याच दिवशी लेखी पोच द्यायची, ही माझी भित्री सवय. लगेच पत्र टाइप केलं, 'आपण आज सोपवलेले काम स्वीकारले आहे.' प्रत स्वतःकडे ठेवली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "त्याच्या विमानाला जागा मिळाली, तर तुम्हाला विमानात जागा मिळेल."

*

मदतीला मिळाले आमचे स्टोअरकीपर हसनमियाँ. मूळचे हर्णैचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्या.

आधी एका धावपट्टीवर गेलो. तिथला अधिकारी फोटो बघून म्हणाला, "याला चाकं कुठायत? बंदरात न्या."

बंदरातल्या अधिकाऱ्यानं फोटो उलटा-सुलटा केला. "याला पंख आहेत. विमानतळावर न्या!"

मी दोघांनाही अर्ज केले. प्रत्येकी तीन प्रतींत. गाडीत बसल्यावर हसनमियाँ म्हणाले, "डॉक्टरसाहेब, त्या दोघांची आपसात सोयरीक करून द्यायला पाहिजे!"

*

घरी रोज तोच विषय. मीनल एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, पुट इट ऑन द रूफ!"

बायको हसली. मी हसलो नाही. मी कागद घेऊन गच्चीला किती भार पेलेल ते काढत बसलो.

दुसऱ्या दिवशी हसनमियाँना सांगितलं, "गच्ची पेलेल."

"पण वर चढवणार कसं?"

"ते अजून बघितलेलं नाही."

हसनमियाँनी माझ्या हातातला कागद काढून घेतला. "वहिनींना आणि पोरीला पाठवायचंय म्हणून चाललंय ना हे सगळं? मग आता माझं ऐका."

*

"आमच्याकडे पावसाळ्यात होडी पाण्यात ठेवतो काय कोण?" हसनमियाँ म्हणाले. "नारळी पुनवेपर्यंत ती वर ओढून ठेवायची. खाली ओंडके, वर झावळ्यांचे झाप. ही पण होडीच. हिला पंख आहेत, एवढंच."

"पण जागा?"

"अबू खालिदच्या बहिणीची कतीफला खजुराची बाग आहे. झाडंच झाडं, वरनं कोणाला काय दिसणार नाय."

तीन आठवडे मी किनारा धुंडाळत होतो. पाण्यावरचं विमान पाण्यापासून लांब ठेवता येतं, हे मला सुचलंच नव्हतं. पीएचडी असूनही! बायकोचं मत वेगळं आहे. ती म्हणते, असल्यामुळे.

*

पंख सोडवून घेतले. एका ट्रकवर धड, दुसऱ्यावर पंख, दोन्हींवर झावळ्या. पुढच्या ट्रकमध्ये हसनमियाँ आणि मी. कतीफच्या अलीकडे चौकी लागली. सैनिकानं विचारलं, "काय आहे?"

"बोट," हसनमियाँ शांतपणे म्हणाले.

मला राहवेना. खोटं पकडलं गेलं तर बायको-मुलगी इथेच अडकायची. मी ओरडलो, "बोट नाही, विमान आहे! पंख मागच्या ट्रकमध्ये आहेत!" वाहतुकीच्या परवानगीचे कागद काढायला गेलो, तर घाईत ते पायाशी सांडले.

सैनिकानं घामानं निथळणाऱ्या माझ्याकडे पाहिलं. मग झावळ्यांकडे. मग हसनमियाँना म्हणाला, "याला ऊन लागलंय. पाणी पाज. यल्ला, निघा!"

*

विमान ओंडक्यांवर चढलं. आता माझा विषय होता, गंज! फ्लोट खाऱ्या पाण्यात मुरलेले. मी बारा पानांचा अहवाल लिहून परदेशी लेप सुचवला. पण लेपाचा डबा घेऊन येणारं जहाज युद्धाच्या धास्तीनं भलत्याच बंदरात थांबलं.

हसनमियाँनी कतीफच्या मासळी बाजारातून मुशीचं तेल आणलं, मुशी म्हणजे शार्क. कोकणात होड्यांना चोपडतात तसं, दोन्ही फ्लोटना हातानं चोपडलं. वास इतका, की बागेचा माळी आपली खाट घेऊन दुसऱ्या टोकाला गेला.

अबू खालिद पाहणीला आला तेव्हा दोन्ही फ्लोटवर मांजरं झोपलेली होती. मी मोजली, अकरा. आता कसली सही!

त्यानं रुमालानं नाक झाकलं आणि विचारलं, "पहारेकरी किती ठेवलेत?"

"एक, सर."

"आणि मांजरं?"

"अकरा."

"पहारेकऱ्याची गरज नाही," तो म्हणाला. "खलास!"

त्याच दुपारी त्यानं टेबलाचा ड्रॉवर उघडला आणि दोन पासपोर्ट माझ्यासमोर ठेवले. परवानगीचा शिक्का मारलेले!

दोघी गेल्या त्या दिवशी, त्यांचं विमान सुटल्यावर मी विमानतळाच्या बाकावर बसलो. मला भूक लागली होती. कित्येक दिवसांत ती लागली नव्हती, हे तेव्हा कळलं. सोबत आलेल्या हसनमियाँनी खिशातून खजुराची पुडी काढून दिली.

*

सायरन, मास्क, खिडक्यांना चिकटपट्ट्या, सगळं झालं. पण दोघी इथे नाहीत, म्हणून मी त्यातही झोपू शकलो. युद्ध संपलं. कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरींच्या धुराची काजळी झावळ्यांवर बसली होती. हसनमियाँनी झाप काढले, रॉकेलच्या बोळ्यांनी तेल पुसलं. खाली धातू नवा कोरा! मी भिंग घेऊन इंच न्‌ इंच तपासला. गंजाचा एक ठिपका नाही.

माझ्या बारा पानांतल्या लेपाचा डबा त्यानंतर पंधरा दिवसांनी आला. हसनमियाँनी तो स्टोअरच्या दाराला टेकू म्हणून लावला.

*

गेल्या वर्षी जेवणात वाद झाला. मी म्हणालो, जागा शोधायला तीन आठवडे लागले. एकजण म्हणाला, डॉक्टर, दरवर्षी आठवडा वाढतोय! मला रात्रभर चैन पडेना. सकाळी बायकोनं माळ्यावरची पेटी काढून दिली. तीत माझ्या पोचपत्राची प्रत होती. कंपनीच्या कागदांवर इंग्रजी आणि हिजरी, म्हणजे इस्लामी, अशा दोन्ही तारखा असत. त्याखालीच बायकोचा जुना पासपोर्ट. त्यातल्या शिक्क्यावर फक्त हिजरी तारीख, अरबी आकड्यांत. इतक्या वर्षांत आम्ही ती कधी वाचलीच नव्हती.

मधले दिवस मोजायला मी दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या. भिंग आणलं. पुन्हा पाहिलं.

बायको म्हणाली, "अहो, काय झालं?"

परवानगीचा शिक्का माझ्या पोचपत्राच्या चार दिवस आधीचा होता.