तीसच्या खाली

माझं वजन किती, हे मांडवगणात आजघडीला शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी माहेरी गाडीतून उतरले की पारावरची माणसं आधी माझ्या पोटाकडे बघतात, मग तोंडाकडे. "उतरलं का गं काही?" असं विचारणारी बाई माझी कोण लागते हे मला आठवत नसतं, पण मागच्या खेपेला काट्यावर किती आलं होतं ते तिला आठवत असतं. बाईमाणसाला वय विचारू नये म्हणतात. वजन विचारायला कुणाची ना नाही.

याला कारण माझा धाकटा भाऊ. त्याचे पाय सुजायला लागले, चपला बसेनात, आणि तपासण्या होता होता कळलं की दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्यात. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा त्याला दौंडला डायलिसिसवर घालतात. मी दौंडलाच असते, शाळेत खेळाची बाई आहे, त्यामुळे त्याला दवाखान्यात नेणं-आणणं माझ्याकडे आलं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नात्यातल्या कुणाची किडनी मिळाली तर माणूस पुन्हा शेतात उभा राहील.

कुणाची म्हणजे कुणाची? आईचं वय झालेलं, त्यात बीपी. राहिलो आम्ही दोघी, त्याची बायको म्हणजे वहिनी, आणि मी. वहिनी म्हणजे नुसती काडी. खोटं कशाला बोलू, "मी देते" असं तीच पहिल्यांदा म्हणाली. पुण्याच्या दवाखान्यात तिचं उंची-वजन घेतलं, टेबलावरच्या मुलानं आकडे घातले आणि म्हणाला, "बीएमआय एकवीस. एकदम परफेक्ट." दोन दिवसांनी रक्ताचे रिपोर्ट आले. वहिनीला शुगर निघाली, तीही बरीच जुनी. आमच्याकडे शुगर म्हणजे खाऊनपिऊन सुटलेल्या माणसाचा आजार, काडीला कशी होईल? पण झालेली होती. ती पदर तोंडाला लावून रडली, आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नगंस. आक्का हाय की."

एवढंच. माझ्याकडे वळून कुणी काही विचारलं नाही. आमच्या घरात लेकींना विचारायची पद्धतच नाही. वडील गेले तेव्हा मला असाच फोन आला होता, गुरुवारी शिरूरला ये, आधार कार्ड आण. गेले, हक्कसोड पत्रावर सही केली, सगळ्यांबरोबर मिसळ खाल्ली आणि दौंडला परत आले. मला जमीन नको होती. विचारलं असतं तरी सोडलीच असती. पण विचारण्यात आणि गृहीत धरण्यात जो फरक असतो, तो ज्याला गृहीत धरतात त्यालाच कळतो.

आता सरळ लिहून टाकते. मला किडनी द्यायची नव्हती. भावावर माझा जीव आहे, त्याला कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर वाकायची अशी आई अजून सांगते. तरी मला द्यायची नव्हती. सुरीची भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या खाली रागही होता. कॉलेजात मी गोळा फेकायचे. हे दंड, ही पाठ, या मांड्या मी कमावलेल्या आहेत, कुणी दिलेल्या नाहीत. आयुष्यात हीच एक गोष्ट पूर्णपणे माझी होती. नवरा रेल्वेत आहे. "तुझं माहेर, तुझा भाऊ, मी मध्ये पडणार नाही," असं तो म्हणाला आणि खरोखरच पडला नाही.

मग माझा नंबर आला. वजन ऐंशी. टेबलावरच्या त्याच मुलानं आकडे घातले आणि तोंड वाकडं केलं. "बत्तीस. लठ्ठपणात येतंय मॅडम. इथं नियम तीसचा आहे. तीसच्या खाली आणा, मग पुढच्या तपासण्या करू."

कुणी मला लठ्ठ म्हटलं आणि मी खूश झाले, असं जन्मात त्या एकाच दिवशी घडलं. सुटल्यासारखं वाटलं. गंमत अशी, की हा आकडा किती फसवा आहे हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. दर जूनमध्ये शाळेतल्या मुलांची उंची-वजनं घेऊन मी स्वतः हा भागाकार करते. माझी सगळ्यात चांगली गोळाफेकीची मुलगी त्यात 'जादा वजन' निघते, आणि मैदानाची एक फेरी मारून भिंतीला टेकणारा हडकुळा मुलगा 'योग्य' निघतो. या आकड्याला वजन दिसतं, पण ते हाडाचं, मांसाचं की चरबीचं ते दिसत नाही. वहिनीच्या बाबतीत तर तो तोंडावर आपटला होता. पण त्या दिवशी मी त्याचीच बाजू घेतली. घरी येऊन ठणकावून सांगितलं, नियम म्हणजे नियम, मोठ्या दवाखान्याचा आहे.

माझी चूक इथं झाली, की मला वाटलं आता सगळे गप्प बसतील. बत्तीसवरून तीसच्या खाली यायला पाच-सहा किलो पुरत होते, आणि पाच-सहा किलो म्हणजे आमच्या आईला काहीच नाही. आठवड्याच्या आत ती पिशवी घेऊन दौंडला राहायला आली.

जिनं जन्मभर "अजून अर्धी घे" म्हणत माझ्या ताटात भाकरी ढकलली, ती आता दुरडीवर हात ठेवून बसायला लागली. सकाळी लिंबू पिळलेलं गरम पाणी. दुपारी दुधीचा रस. रात्री हुलग्याचं माडगं, तेही पाण्यासारखं पातळ. दिवसभर पोरांबरोबर पळणाऱ्या मला ती पहाटे उठवून फिरायला पाठवायची, आणि मी कोपऱ्यावरून वळते की परत येते ते गॅलरीतून बघायची. शेजारणी विचारायच्या, "ताई, एवढं कशासाठी?" तर आई माझ्या आधी सांगायची, "भावासाटी." मग त्या बायका माझ्याकडे असं काही बघायच्या, की पुढं तोंड उघडायची सोय राहायची नाही. चांगुलपणाचा फास सगळ्यात घट्ट बसतो.

मी चोरून काही खाल्लं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण मांडवगणात वेगळं बोललं जातं. वाढलं ते खाल्लं, सांगितलं तेवढं चालले. वजन मात्र हलायला तयार नव्हतं, कारण उतरायला त्यात चरबी फारशी नव्हतीच. पण उपासमारीनं दंड तरी किती दिवस टिकणार? अर्धा किलो उतरला. मग एक. लोक वजन उतरलं की पेढे वाटतात, मला धास्ती बसायची. घरात मला एक पाऊल मागं सरकायला जागा नव्हती, आणि पुढून भिंत जवळ येत होती.

भाऊबीजेला माहेरी गेले. भाऊ पाटावर बसला. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली काळं. मी ओवाळलं. वहिनीनं आतून चांगला मोठा खोका आणला, लाल कागदात बांधलेला, वर फीत. दरवर्षी साडी असते, म्हणून मी म्हटलं, या वर्षी काय एवढं जड? शेजारच्या चार बायका आल्या होत्या, त्या म्हणाल्या, उघडा की. उघडलं तर आत वजनकाटा. काचेचा, आकडे उजळणारा.

वहिनीच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. तिनं हौसेनं मागवला होता. "आता दौंडात दवाखान्यात जायला नगं आक्का, घरच्या घरी बगता येतंय," ती म्हणाली.

"मग बगू की आताच," आई म्हणाली. "ऱ्हा उबी."

मी नव्या साडीत, हातात पेटलेलं निरांजन तसंच, त्या काट्यावर उभी राहिले.

"तबक ठिवा आक्का," वहिनी म्हणाली, "त्याचं बी वजन येतंय."

तबक ठेवलं. आकडा आला अठ्ठ्याहत्तर. "दोन उतरलं!" आई ओरडली आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. शाळेत गोळा फेकल्यावर वाजायच्या तशाच. भाऊ तेवढा खाली बघत होता, त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, काट्यावरून उतरावं आणि थेट नदीकडं चालत सुटावं. पण दारात आमचीच माणसं उभी होती, हसत.

दिवाळीनंतर आई मला पुन्हा पुण्याला घेऊन गेली. आता हिशेब एकतीसच्या जरा वर येत होता. या वेळी मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आकडा बघितला, मग मला बघितलं, मग शिंप्यासारखी टेप काढून माझी कंबर मोजली. चरबी किती, मांस किती ते सांगणाऱ्या यंत्रावर उभं केलं. जिना चढायला लावून नाडी धरली. बाकीच्या तपासण्यांचे कागद एकेक करून वाचले.

"खेळाडू होतात का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"गोळाफेक."

"दिसतंय. अहो, बीएमआय म्हणजे नुसती चाळणी. कुणाकडे जास्त लक्ष द्यायचं एवढं तिच्यानं कळतं, त्या माणसात काय आहे ते हातानं बघावं लागतं. तुमची साखर, बीपी, कंबर, सगळं छान आहे. आमच्या कमिटीपुढं मी तुमची शिफारस करू शकते."

जी गोष्ट मी इतकी वर्षं शाळेत घसा फोडून सांगत आले, ती कुणीतरी शहाणं माणूस पहिल्यांदा बोलत होतं, आणि मला उठून त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटत होता.

त्या उठल्या आणि त्यांनी खोलीचं दार लावलं. आई बाहेर बाकावर बसली होती. परत येऊन समोर बसल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "आता एकच. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. तुम्हाला द्यायची आहे का?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला, तोही परक्या बाईनं. मी तोंड उघडलं. 'हो' येईना. मग 'नाही' म्हणायला गेले, तर भावाची सुजलेली पावलं दिसली, तेही येईना. मी नुसती त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले.

त्यांनी पेन उचललं. "नियम तीसचा आहे आणि तुम्ही अजून तीसच्या वर आहात," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "मी यात काही खोटं लिहीत नाही. मन तयार झालं तर परत या."

बाहेर आई उठून उभी राहिली. "काय म्हणल्या?"

"वजन," मी म्हणाले.

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आगं एवढं एक तोंड आवरलं असतंस तर पोर सुटलं असतं माजं." चौफुल्यापासून पारगावच्या पुलापर्यंत ती हेच वेगवेगळ्या शब्दांत बोलत राहिली. मी गाडी चालवत होते. माझ्या सुटकेचं नाव आता खादाडपणा पडलं होतं, आणि ते मला जन्मभर वागवायचं होतं. वाळले तर किडनी द्यायची, नाही वाळले तर भावाला खाल्लं म्हणायचं. तिसरी वाट मला दिसत नव्हती.

मांडवगणात घरी पोचल्यावर आई माझ्याशी न बोलता गोठ्याकडं गेली. वहिनीनं आम्हा भावंडांना वाढलं आणि ती आईची समजूत काढायला मागं गेली. माझ्या ताटात अर्धी भाकरी, त्याच्या ताटात बिनमिठाची भाजी. त्यानं आपली भाकरी मोडली आणि मोठा तुकडा माझ्या ताटात ठेवला.

"खा आक्का. माज्यापायी लय उपाशी ऱ्हायलीस. माजं बी वजन करत्यात तितं, डायलिसिसच्या आदी आन् नंतर. समदं पाणीच की. काट्याला काय कळतंय त्यातलं."

मला तो घास उचलवेना. माहेरी माझी भाषा आपोआप माहेरची होते. मी म्हणाले, "डॉक्टरीणबाईंनी दार लावून इचारलं मला. देयाची हाय का म्हणून."

"मग?"

"मी काई बोलले न्हाई. माजं शरीर चांगलं हाय, देता येतंय, असं म्हणल्या त्या. वजनाचं नुसतं निमित्त."

तो चावत राहिला. तो चिडेल असं मला वाटलं होतं. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं, मीही ओरडले असते, एकदाचं काय ते झालं असतं. पण तो चिडला नाही.

"आमी तरी कवा इचारलं तुला," तो म्हणाला. मग हातातला घास ताटात ठेवून माझ्याकडं बघत हळूच म्हणाला, "आता इचारू?"

"नगं," मी म्हणाले. "इचारलंस तर मी व्हय म्हणंन."

त्यानं मान हलवली आणि राहिलेली भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्याला दौंडला घेऊन आले. डायलिसिस अजून चालू आहे. त्यानं अजून विचारलेलं नाही.