खारीकचं पाणी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, खालच्या मजल्यावरच्या कमलबाईंना नाही, देवापुढे हात जोडूनसुद्धा नाही. देवापुढे तर मुद्दामच नाही. तिथं माणूस माफी मागायला जातं, आणि मला माफी मागायची नाही. मग तुम्हाला का सांगायचं? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि लातुरात लोक मला फार चांगली म्हणतात, त्याचा आता वीट आलाय म्हणून.

"ती बघा, सरांची सुमन. बापाचं सगळं केलं बरं का तिनं." भाजीच्या गाड्यावर, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत हे ऐकते मी. खोटं नाही ते. केलं मी. शेवटची वर्षं नानांच्या गोळ्या, जेवण, किल्ल्या, बँक, दाराची कडी — सगळं माझ्या हातात होतं. पण ते माझ्या हातात आलं कसं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? नाही. उगीच स्वतःला मोठी कशाला करू?

नाना हायस्कूलला जीवशास्त्र शिकवायचे. त्यांची स्मरणशक्ती म्हणजे गावात बोलायचा विषय होता. पंचवीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी रस्त्यात पाया पडला तर नाना त्याचं नाव सांगत, कुठल्या बाकावर बसायचा ते सांगत, आणि बेडकाच्या हृदयाला किती कप्पे म्हणून त्यानं काय लिहिलं होतं तेही सांगत. मी त्यांच्याच वर्गात होते. एकदा मला उत्तर आठवेना, तेव्हा सगळ्या वर्गापुढे म्हणाले, "आमच्या घरचंच भांडं गळकं निघालं." पोरं हसली. पुढं घरातही तेच नाव पडलं — गळकं भांडं. देगलूरचं माझं लग्न मोडलं, मी ट्रंक घेऊन परत आले, तेव्हा नाना एक शब्द वाकडा बोलले नाहीत. मात्र पाहुण्यांना सांगायचे, "हिच्या डोक्यात काही राहत नाही, तिकडंही तेच झालं असणार."

हे कारण म्हणून सांगत नाही. झालं ते सांगते.

रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. नळ कधीचेच मुके झाले होते. टँकर कोपऱ्यावर उभा राहायचा आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. घागरी मी चढवायचे. त्याच दिवसांत माझा भाऊ अशोक उदगीरहून एक खोकं घेऊन आला. त्यात दोन गिनीपिग. त्याच्या मुलीनं हट्टानं घेतलेले, आणि आता तिला शिंका येतात म्हणून इकडं पाठवलेले. अशोकचं बोलणं नेहमीचंच — उदगीर आज-उद्या जिल्हा होतोय, प्लॉट घेऊन ठेवलाय. नाना म्हणाले, "लातूर जिल्हा झालं तेव्हा मीबी मिरवणुकीत नाचलो होतो रे. जिल्हा झाला म्हणून पाऊस पडत नसतो." आणि खोक्यात वाकून बघायला लागले.

एक पांढरी, अंगावर काळे ठिपके. ती तीळ. दुसरी तपकिरी, गुबगुबीत. ती खारीक. नावं नानांनीच ठेवली. रिटायर झाल्यापासून त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं. पिशवीचा आवाज झाला की दोघी शीळ घालायच्या, आणि नाना उलट शीळ घालायचे. मला हाक मारताना त्यांनी कधी आवाज मऊ केला होता का?

दोघींच्या खाण्याचं शास्त्र नानांनी दोन दिवसांत पक्कं केलं. मुख्य म्हणजे वाळलं गवत, पाहिजे तेवढं, अखंड. "यांचं पोट म्हणजे चालती गिरणी आहे सुमन. वरून पडत राहिलं तरच फिरते. थांबली की खलास." कोथिंबीर थोडी. ढोबळी मिरचीचा तुकडा रोज, कारण क जीवनसत्त्व यांच्या अंगात तयार होत नाही, माणसासारखंच. कोबी नको, पोट फुगतं. भाकरी, पाव, बिस्कीट तर बिलकुल नको. सकाळी पेपरवरच्या लेंड्या चष्मा लावून बघायचे. भिजल्या गव्हासारख्या भरीव असल्या की दिवस चांगला जायचा. आणि पाणी — ताजं, स्वच्छ, चिनी मातीच्या वाटीत, नाना स्वतःच्या हातानं भरायचे. वाटी विसळायची ती पिण्याच्याच पाण्यानं. वरून ऊन फार म्हणून पिंजऱ्यावर गोणपाट भिजवून टाकायचं.

खाली टँकरच्या रांगेत कमलबाई म्हणायच्या, "सरांचे उंदीर बरे हायत बाई, गार पानी पिऊन राहिलेत. आमच्या लेकरांनी काय पाप केलंय?" बायका हसायच्या. मी घागर उचलून जिना चढायचे. भांडी घासलेल्या पाण्यानं फरशी पुसायची, फरशीचं पाणी संडासात टाकायचं, केस धुवायचे नाहीत. खांद्याला घागरीच्या काठाचा वळ उठला होता. आणि नाना आत खोलीत बसून पिंजऱ्यापुढे शीळ घालत होते.

एका सकाळी मी घागर टेकवते न टेकवते तोच म्हणाले, "सुमन, वाटीतलं शिळं झालं. खारीक पीत नाही. ताजं दे." आणि भरली वाटी मोरीत उपडी केली. माझ्यासमोर.

मी ताजं काढून दिलं, त्यांनी वाटी भरली. नाना दुपारी आडवे झाले, घोरायला लागले, तेव्हा पिंजरा उघडला, वाटी उचलली आणि ते पाणी घागरीत परत ओतलं. वाटी पदरानं पुसून जागेवर ठेवली. खारीक माझ्याकडे बघून शीळ घालत होती. तिला वाटलं असेल मी काही द्यायला आलेय.

पाणी वाचवलं म्हणता? अर्धा पेला होतं ते. त्यानं कुणाची तहान भागणार होती? मला पाणी नको होतं. मला नानांच्या हातून काहीतरी काढून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तेच केलं. तिसऱ्या दिवशीही. पुढं सवय झाली. ते उठले की रिकामी वाटी बघायचे, "चांगलं प्याल्या आज," म्हणायचे. आणखी मागितलं तर मी सांगायचे, आता टँकर येईल तेव्हा. मग एका सकाळी ते पेपरवर वाकले ते वाकलेच राहिले. लेंड्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या, कोरड्या खडखडीत. नाना विचार करत बसले. मला त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत होतं, कारण मी त्यांचीच विद्यार्थिनी. पाणी प्याल्या असत्या तर अशा पडल्या नसत्या. पडल्यात, म्हणजे प्याल्या नाहीत. वाटी तर कोरडी होती. म्हणजे वाटी भरलीच गेली नव्हती.

शास्त्र बरोबर होतं त्यांचं. फक्त त्या गणितात मी नव्हते. मी असं काही करीन हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही.

"सुमन," ते म्हणाले, "काल मी वाटीत पाणी घातलं होतं ना गं?"

इथं थांबते मी जरा. इथवरचं सगळं — वाटी, घागर, चोरून उघडलेला पिंजरा — हे तुम्ही समजून घ्याल. दुष्काळ होता, बाई थकली होती, म्हणाल. पण मला इथून पुढचं सांगायचं आहे. घातलं होतं की, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द.

मी म्हणाले, "न्हाई नाना. विसरलात तुम्ही. परवाबी विसरलात. मी बोलले न्हाई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

नानांचा चेहरा कसा झाला सांगू? परीक्षेत कोरा पेपर दिलेल्या पोरासारखा. आणि मला — ऐका, लपवणार नाही — मला बरं वाटलं. छातीत गार वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात गळकं भांडं मी नव्हते.

दोन दिवसांनी खारीकनं गवत सोडलं. कोपऱ्यात अंग फुगवून बसली. लेंड्या बंद. पोट हाताला डफासारखं लागायला लागलं. नानांनी तिला टॉवेलात गुंडाळलं, आणि आम्ही रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात गेलो. बाहेर हाडं निघालेल्या गाई उभ्या होत्या. त्या रांगेत नाना छातीशी टॉवेल धरून उभे, लोक बघायला लागले. आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं हसण्यावारी नेलं नाही. पोट दाबून पाहिलं, नळी लावून आवाज ऐकला.

"सर, गिरणी थांबलीय हिची," ती म्हणाली. नानांचाच शब्द तिच्या तोंडून आला, योगायोगानं. "आत सगळं वाळून बसलंय, वरून गॅस धरलाय. पाणी मिळत होतं ना नीट?"

मी शेजारीच उभी होते.

"नाही," नाना म्हणाले. "चूक माझी आहे, डॉक्टर. मी पाणी द्यायला विसरत होतो. वय झालं."

आयुष्यात मी या माणसाच्या तोंडून चूक माझी हे शब्द ऐकले नव्हते. आईच्या आजारपणात नाही, माझं लग्न घाईनं ठरवलं तेव्हा नाही. आणि पहिल्यांदा ऐकले ते न केलेल्या चुकीसाठी. डॉक्टरीण म्हणाली, "होतं असं, सर." मी मान हलवली. होय, मान हलवली मी. होतं असं.

तिनं गॅसचं औषध दिलं. गवत दळून, कोमट पाण्यात कालवून, बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या कडेनं थोडं थोडं भरवायला सांगितलं, पोटावरून हलक्या हातानं बोटं फिरवायला सांगितली. ते सगळं मी केलं. मिक्सरमध्ये गवत मी दळलं, सिरिंज मी धरली. मनापासून केलं, खोटं का बोलू? पण खारीक घोट तोंडातच ठेवायची, गिळायची नाही. दुसऱ्या दिवशी नानांच्या मांडीवर गेली. नाना तिच्या पोटावरून बोटं फिरवतच राहिले, मी "गेली ती नाना" म्हटलं तरी. तीळ वाचली. ओलं गोणपाट जाळीतून चाटायची ती, त्यावरच जगली असावी. त्यानंतर मी वाटीतलं पाणी काढलं नाही.

पण नानांनीही वाटी पुन्हा हातात घेतली नाही, मलाच भरायला सांगायचे. आठवडाभरात त्यांनी तीळ त्या डॉक्टरणीला देऊन टाकली. "माझ्या भरवशावर जीव ठेवू नका," म्हणाले.

इथं तरी बोलायचं ना? नाही बोलले. उलट आता ते मला विचारायला लागले. सुमन, गॅस बंद केला का मी? सुमन, गोळी घेतली का? किल्ली तूच ठेव तुझ्याकडं. सकाळचं फिरणं सोडलं — रस्ता विसरलो तर? जुना विद्यार्थी भेटला तर नाव ओठावर यायचं, डोळ्यांत दिसायचं मला, पण चुकेल म्हणून गप्प राहायचे. अशोक घाबरला, त्यांना नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेला, मीही बरोबर होते. मशीनमध्ये घालून मेंदूचे फोटो काढले, शंभरातून उलटे आकडे म्हणायला लावले. नाना एकाही ठिकाणी चुकले नाहीत. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही यांना, माझ्यापेक्षा दिमाग तेज आहे. येताना गाडीत नाना माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "ते कागद बघून बोलतात. घरात काय होतं ते तुलाच माहीत."

माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी. दुसऱ्या कशावर नाही, माझ्यावर.

तेव्हा मला काय वाटलं, याची तुम्ही वाट बघताय. वाटलं की — आता नको सांगायला, मांडलेला संसार मोडेल. ते माझं ऐकत होते. माझ्या हातचं निमूट जेवत होते. पाहुण्यांना सांगायचे, सुमन आहे म्हणून मी आहे. हे ऐकायला मी जन्मभर थांबले होते. असं मिळालेलं कोण परत करतं? तुम्ही कराल? केलं असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा चांगले. मला हेवा वाटत नाही.

दुष्काळाला यात ओढू नका. त्याच उन्हाळ्यात खालच्या कमलबाई, पोटच्या पोराच्या पाण्यावरून तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या, पायरीवर कुत्र्यासाठी रोज परात भरून ठेवत होत्या. पाणी सगळ्यांनाच कमी होतं. वाटी मी ओतली.

नाना गेले त्याच्या थोडं आधीची गोष्ट. अंथरुणाला खिळलेले, पण बोलणं स्वच्छ. दुपारची वेळ, मी नखं काढत होते त्यांची. मध्येच म्हणाले, "सुमन, त्या तपकिरीला मी खरंच पाणी दिलं नव्हतं का गं? मला अजून दिसतं — वाटी भरलेली, तिचे ओठ पाण्याला लागलेले. असं खोटं दिसतं का माणसाला?"

मी त्यांचा हात धरलेलाच होता. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

"हाव नाना," मी म्हणाले, "दिसतं."

त्यांनी मान हलवली, डोळे मिटले. मी उरलेली नखं काढली. चार वर्षं चांगला पाऊस झाला होता, खांद्यावरचा वळ कधीच गेला होता, आणि मोरीत नळ चालू होता.