ढिला सोड हात

स्पिरिटचा वास आला की बुलढाण्याच्या वॉर्डातली ती सकाळ आठवते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, तोवर सुई फक्त मोसंबीत टोचली होती, आणि आता समोर जवळच्या उंद्री गावची एक आजी दंड उघडा करून बसली होती. माझ्या हातातला ट्रे खडखड वाजायला लागला. आजीने तो काढून बाजूला ठेवला आणि बांगड्या भरण्याआधी कासारीण चोळते तसा माझा पंजा चोळत म्हणाली, “काऊन भेतं वं पोरी? ढिला सोड हात.” हात सैल पडला, सुई गेली. “दुखलं का आजी?” मी विचारलं. “मले नाही वं, तुलेच दुखलं वाटते,” म्हणत तिने पदराने माझे डोळे पुसले. आता मी मुलींना शिकवते. एखादीचा ट्रे वाजायला लागला की तो काढून बाजूला ठेवते आणि तिचा पंजा हातात घेऊन चोळत बसते.