ओठांतला कागद

सबनिसांच्या घरी तलवार बघायची तर आधी ओठांत कागद धरावा लागे. घडी घातलेला पातळ कागदाचा तुकडा ते पाहुण्याच्या हातात देत आणि म्हणत, "आधी बघा, मग बोला." श्वासाची वाफ किंवा थुंकीचा कण पात्यावर पडला तरी पोलाद गंजतं, असं त्यांचं म्हणणं. नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावातल्या आम्हा मराठी मंडळींत हा चेष्टेचा विषय होता. फराळाला बोलावून तोंडात कागद देणारा यजमान दुसरा कोणी पाहिला नव्हता.

ते आइंडहोवनला यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. काही शतकांपूर्वीची ही जपानी तलवार त्यांना हेगमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली. पात्याला बोट लावायचं नाही, धार वर, उजेड एका बाजूनं. मग ते पातं केसभर तिरकं करत आणि धारेलगत एक पांढुरकी लहर उमटे. पोलाद पुन्हा पुन्हा दुमडून ठोकल्यानं आलेल्या, लाकडात असतात तशा बारीक रेषाही दिसत. "पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप, धारेवर पातळ. तापवून पाण्यात बुडवलं की धार कडक होते, पाठ मऊ राहते. सगळंच कडक असतं ना, तर पहिल्या घावात तुकडे. माणसांनाही सांगायला हवं हे." शेवटचं वाक्य बायकोकडे बघून. मीनावहिनींना ती तलवार घरात नकोच होती. "यापेक्षा सवत बरी," त्या म्हणायच्या, "तिला निदान लवंगेचं तेल चोळत बसावं लागत नाही."

मग सबनिसांचा उजवा हात थरथरायला लागला. हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, आधी रिवाजाप्रमाणे पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं. पुढे निदान झालं पार्किन्सन्सचं. चहा सांडला तर ते हसण्यावारी नेत. पण ती लहर पातं स्थिर असल्याशिवाय दिसतच नाही. त्यांनी तलवार काढणं बंद केलं आणि हळूहळू बोलणंही. मला त्या घरात जायची धास्ती वाटू लागली.

दसऱ्यानंतर एकदा त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुम्ही काढा. मला एकदा बघायचीय." मी पातं म्यानातून बाहेर काढलं, तर मधोमध बोटाएवढा तांबूस डाग. कुंकू अजून चिकटलेलं. खंडेनवमीला, ते झोपलेले असताना, वहिनींनी ओल्या बोटानं हळदकुंकू लावून तलवार तशीच म्यानात सरकवली होती.

"मीना! अगं, इतकी वर्षं सांगतोय तुला..."

"पूजाच केली ना, अहो," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, एवढी सेवा केलीत तिची, तर तुमचा हात तरी थांबवील."

घासून निघेल, असं मी काहीतरी पुटपुटलो. "घासलं की तेवढं पोलाद जातं. राहू दे," ते म्हणाले. थरथरणारा हात त्यांनी मांडीखाली दाबला. मग म्हणाले, "मीना, कागद घे."

त्या दिवसापासून तलवार वहिनी धरू लागल्या. ते खुर्चीतून सांगायचे, "डावीकडे. किंचित. थांब. दिसली." ओठांत कागद असल्यानं वहिनींना उलट बोलता येत नसे, याचा ते पुरेपूर फायदा घेत. पुढे त्यांचे शब्द अडखळू लागले, मग नुसती मान हले. तेल लावत राहिल्यानं डाग होता तेवढाच राहिला; आजार तेवढ्यावर राहिला नाही.

सबनीस गेल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी त्यांच्याकडे गेलो. वहिनींनी हळदकुंकू लावलं ते म्यानाला. मग ओठांत कागद धरून पातं बाहेर काढलं आणि रिकाम्या खुर्चीसमोर बसून तिरकं केलं. थोडं डावीकडे. किंचित. लहर उमटली.

"दिसली," मी खुर्चीमागून म्हणालो.

वहिनींचे डोळे भरून आले. हातातली तलवार त्यांनी जराही हलू दिली नाही. फक्त मान वळवली, पाणी पात्यावर पडू नये म्हणून.