असे समजा

शिक्षकांना वर्गासाठी कस लावणारे आणि परिसराशी जोडलेले प्रश्न तयार करायला शिकवणं, हे माझं नोकरीतलं काम. 'प्रश्न परिसरातून काढा' हे वाक्य धुळ्याच्या प्रशिक्षणांत मी इतक्यांदा म्हटलंय की बायको आता ते माझ्या आधी म्हणते. बालपण गेलं जळगावात, मेहरूणला. म्हणजे केळीच्या जिल्ह्यातला माणूस! केळीवर प्रश्न माझ्याशिवाय कोण काढणार, अशी माझी ऐट होती.

तर मी काढला. एका घडाला आठ फण्या, प्रत्येक फणीला बारा केळी, तर घडाला एकूण केळी किती? गणितातले पिझ्झ्याचे तुकडे हाकलून मी वर्गात केळी आणली म्हणून प्रशिक्षणात टाळ्या पडल्या. त्या दिवशी चहाबरोबर खारीसुद्धा होती.

मग शिरपूरकडच्या एका गावात, चौथीच्या वर्गात, तोच प्रश्न मी स्वतः फळ्यावर लिहिला. वर्गाच्या बाई निवृत्तीला आलेल्या. त्या मागे बसून बघत होत्या. मुलं काही लिहीनात. शेवटी पुढची एक मुलगी उठली.

"सर, बठ्या फण्या सारख्या नही राहतस. वरनी मोठी राहस, खालनी धाकली."

वर्ग खदखदला. माझे कान तापले. मी केळी आयुष्यभर पाहिली ती हातगाडीवर, डझनानं. सगळ्या फण्यांना सारखाच बारा, हा माझा आकडा तिथून आला होता.

"बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"हो सर. घरची केळीच आहे आमची."

"मग बोलला का नाहीत?"

"प्रश्न वरून आला होता ना, सर."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. त्या मुलीच्या आबांनी शेतातून अख्खा घड आणून वर्गात ठेवला होता. मुलांनी गटागटानं फणी न् फणी मोजली आणि प्रत्येक गटाची बेरीज वेगळी आली. एक केळं जुळं निघालं. ते एक धरायचं की दोन, यावर मधली सुट्टी वाया गेली, आणि कुणाला तिची आठवणही झाली नाही. शेवटी बाईंनी मुलांकडूनच प्रश्न लिहून घेतला: 'वरून खाली केळी कशी कमी होतात ते मोजा. न मोजलेल्या घडात किती असतील? अंदाज सांगा आणि तो का केला, तेही लिहा.'

मला मनापासून आनंद झाला. इतका कस लावणारा प्रश्न मी जन्मात काढला नव्हता. त्या भरात म्हणालो, "तुमचा प्रश्न जिल्ह्याच्या पुस्तिकेत छापून आणतो. शब्द देतो." बाई पदर सावरत हसल्या. इतक्या वर्षांत त्यांचं काही छापून आलं नव्हतं.

ऑफिसात साहेबांनी प्रश्न वाचला. "छान आहे. उत्तर काय?"

"घडागणिक वेगळं, साहेब."

"मग उत्तरसूचीत काय छापू? घडागणिक?"

त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. नाही म्हणता आलं असतं. मी पेन उचललं, मुलांचा प्रश्न खोडला, माझा जुना परत लिहिला आणि बारा केळ्यांपुढे दोन शब्द जोडले: असे समजा.

"बघा, सुटलं की नाही!" साहेब म्हणाले.

पुस्तिका घेऊन मी शाळेत गेलो. न जाणं सोपं होतं, पण तेवढी तरी लाज शिल्लक होती. बाईंनी पान काढून त्याच मुलीच्या हातात दिलं. तिनं मोठ्यानं वाचलं, 'प्रत्येक फणीला बारा केळी आहेत, असे समजा.' तिचं बोट शेवटच्या शब्दावर थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"सर, आम्ही ते मोजेल शे. मंग समजानं कसाले?"

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. माझ्या पिशवीत उत्तरसूची होती. तिच्यात फक्त शहाण्णव लिहिलं होतं.