जादची मूठ आणि तफीदाचा डफ

"तुला माहीत आहे. तू फक्त अजून स्वतःला विचारलेलं नाहीस."

तफीदा हे सगळ्यांना म्हणायची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जिची वाचा गेली त्या नवरीला म्हणाली. मेलेल्या सवतीच्या आवाजात किंचाळणाऱ्या म्हातारीला म्हणाली. आणि आमच्या गावच्या मुखियालाही म्हणाली, ज्याचा डावा पाय फक्त शुक्रवारी, फक्त मशिदीच्या पायऱ्यांवर लुळा पडायचा. मुखिया संतापला, पण पुढच्या शुक्रवारी त्यानं भावाची बळकावलेली बाग परत केली आणि दोन्ही पायांवर पायऱ्या चढला.

नाईल नदीच्या कालव्यावरच्या आमच्या सात गावांत ती एकटी झारवाली. कुणाच्या अंगात आलं, कुणाचं अंग आखडलं, की माणसं तिच्याकडे यायची. ती डफ घेऊन बसायची, मागे मी दुसरा डफ धरायची. अंगात येतो तो मालक, आणि एकेका मालकाचा ठेका वेगळा. लाल सुलतानाचा वेगळा, पाण्यातल्या राणीचा वेगळा. ज्या ठेक्यावर आजारी माणूस हलेल, तो मालक त्याच्या अंगात, असं आम्ही मानतो. मग त्याला जनावर द्यायचं, रक्त अंगाला फासायचं, आणि माणूस मोकळा. हाच झार.

तफीदा हे सगळं करायची, पण मला एकदा म्हणाली होती, "शेंडे हलले की लोकांना वाटतं वारा आला. कधी कधी उसाच्या बुडाशी कोल्हा चाललेला असतो. मी शेंड्यांकडे बघत नाही, बुडाशी काय चाललंय ते ऐकते."

तिचा एकुलता एक मुलगा अवद उसातच मेला.

तोडीचे दिवस होते. ती भट्टीपाशी पीठ मळत होती. शेतातून एक आरोळी आली. आरोळी जादची होती, अवदच्या लहानपणापासूनच्या दोस्ताची. तफीदा तशीच धावली. अवद उताणा पडला होता आणि त्याची मान डावीकडून, कानाच्या खालून, अर्धी उघडली होती. तिनं दोन्ही हातांनी ती जखम मिटून धरली. बोटांना चिकटलेलं पीठ लाल झालं, मग बोटांमधून सगळं वाहायला लागलं. अवद तिच्याकडे पाहत होता. एक लहानशी दुवा म्हणून होईल एवढा वेळ पाहत होता.

आमचे तोडकरी वाकून ऊस तोडतात, अगदी जमिनीलगत. त्या शेतातली सगळी खुंटं घोट्याएवढी होती. फक्त अवदच्या डोक्यामागचा एक ऊस खांद्याच्या उंचीवर कापलेला होता. ते तिनं पाहिलं होतं. पण त्या दिवशी पाहिलेलं कुठे कुणाला आठवतं?

घरात त्या दिवशी कॉफी भाजली नाही. आमच्याकडे रक्ताचा बदला झाल्याशिवाय दुखवटा घेत नाहीत. कुणी भेटायला येत नाही, बिनसाखरेच्या कॉफीचा कप कुणाच्या हातात जात नाही, मेलेला माणूस अर्धाच पुरलेला राहतो. तफीदाच्या घरचा कॉफीचा खलबत्ता पालथा पडला तो तेरा महिने पालथाच होता.

तिचा दीर खलफ, मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा. बैठकीच्या ओट्यावर त्यानं बंदुकीचा दस्ता आपटला आणि एकच नाव घेतलं: "बखीत!"

बखीतचं शेत अवदच्या शेताला लागून. पाण्याच्या पाळीवरून दोघांची बाचाबाची झाली होती, तेवढा पुरावा खलफला पुरला. पुढच्या वर्षीची तोड लागली तेव्हा एका सकाळी बंधाऱ्यापाशी त्यानं आणि त्याच्या पुतण्यांनी बखीतला गाठलं. आधी पायावर काठ्या घातल्या, तो पडला तेव्हा तोंडावर. बखीत रांगत घरी आला तेव्हा त्याचा उजवा डोळा गालावर लोंबत होता आणि बायको तो परत आत बसवायला बघत होती.

खलफ म्हणाला, "हा नुसता सलाम होता. बाकीचं ही तोड संपायच्या आत."

त्याच सकाळी जादची मूठ मिटली.

उजव्या हाताची. कोयता धरण्याच्या हाताची. ती उघडेना. तेल लावलं, गरम पाण्यात धरली, न्हाव्यानं बोटांत लाकडी पाचर घालून पाहिली. पाचर मोडली. नखं वाढून तळव्यात रुतली, आतून पू यायला लागला. त्याची आई, आमच्या बोलीत उम्म जाद, त्याला घेऊन तफीदाच्या दारात आली.

"बहिणी, माझा पोर घास उचलू शकत नाही. लाल सुलतान असणार. त्याला रक्त हवंय."

"हवं असेल तर देऊ," तफीदा म्हणाली.

पहिल्या झारला मेंढा कापला. रक्त जादच्या कोपरापर्यंत फासलं. मूठ आणखी घट्ट झाली.

दुसऱ्या झारला मोठा मेंढा आणला. लाल सुलतानाच्या ठेक्यावर जाद उठला आणि त्या मिटल्या मुठीनं समोर येईल त्याला ठोसे मारत सुटला. तीन बायका पाडल्या. माझा पुढचा दात पडला. सोडवायला गेलेल्या आईला त्यानं चुलीवर ढकललं, तिच्या दंडाची कातडी सोलली गेली. मग आम्ही सहा जणींनी त्याला दोरीनं खांबाला बांधलं.

मी तोंडातलं रक्त थुंकत म्हणाले, "तफीदा, तुझ्या सुलतानाला सांग, पुढच्या वेळी दात मागायचे असतील तर स्वतःचे मोजून बघ."

ती हसली नाही. ती जादच्या तोंडाकडे पाहत होती. "हा आमच्याकडे रोज जेवायचा," ती म्हणाली, "भट्टीतली भाकर गरम असतानाच पळवायचा." पुढचं वाक्य तिनं केलंच नाही.

तोडीचं शेवटचं शेत उरलं. त्या सकाळी खलफ दारात आला. खांद्यावर बंदूक, कमरेला दोर.

"उम्म अवद, खलबत्ता सरळ करून ठेव. दुपारी कॉफी भाजायची आहे."

"बखीतनंच मारलं, हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? मला माहीत आहे."

तो गेला. थोड्या वेळानं उम्म जाद आली, एका हातात मेंढ्याची दोरी, दुसऱ्या हातात पोराचं मनगट. ठरलेल्या तिसऱ्या झारचा दिवस होता. तफीदानं मेंढा बाहेर बांधायला लावला. सुरी मांडीखाली ठेवली. "आज आधी काही कापायचं नाही," म्हणाली, आणि डफ घेतला.

तिनं कोणता ठेका धरला हे मला आधी कळेना. लाल सुलतानाचा नव्हता, राणीचा नव्हता. दोन आखूड, एक लांब. वाक, तोड, फेक. तोडकऱ्यांचा ठेका होता तो! अवद लहानपणी भट्टीच्या भिंतीवर वाजवायचा. नंतर तिनं मला शपथेवर सांगितलं, मी काहीच ठरवलं नव्हतं, हातांनी आपणच धरला.

जाद वाकला. मूठ खाली गेली. वाक, तोड, फेक. पुन्हा वाक, तोड, फेक. घोट्याशी, घोट्याशी, घोट्याशी. आम्ही सगळ्या माना हलवत होतो. आणि एकदम तो ताठ झाला. मूठ खांद्याच्या उंचीवरून आडवी फिरली. पुन्हा फिरली. पुन्हा. प्रत्येक वाराबरोबर त्याच्या घशातून आवाज निघत होता, आणि तो आवाज मी आधी ऐकला होता. अवद पडला तेव्हाची ती आरोळी.

डफ थांबला.

जादची मूठ उघडली. तळव्यात नखांची चार भोकं होती.

तफीदा उठली कधी आणि त्याच्या छातीवर बसली कधी, ते मला दिसलं नाही. सुरीचं पातं त्याच्या कानाखाली होतं. उम्म जाद किंचाळली आणि स्वतःच्या गालांवर चापट्या मारायला लागली.

"काय केलंस?"

"मला माहीत नाही, खाला. आईची शपथ, माहीत नाही."

"तुला माहीत आहे. तू फक्त अजून..."

तिला पुढचं म्हणता आलं नाही. जादनंच म्हटलं, "स्वतःला विचारलेलं नाही." आणि त्यानं विचारलं. छतावरच्या तुळईकडे पाहत सांगत गेला.

"माझ्या बहिणीला नवऱ्यानं परत पाठवली होती. न्याहारीला अवद सगळ्यांसमोर म्हणाला, तुमच्या घरी आता दोन म्हशी झाल्या, ताक तरी वाटत जा. सगळे हसले. मीही हसलो, खाला. मी हसतच होतो. मग ओळीत आम्ही दोघंच पुढे निघालो, तो वळून अजून हसत होता. कोयत्याचा हात हसला नाही. मग मी ओरडलो. ओरडताना मला खरंच वाटलं, कुणीतरी त्याला मारलंय. जनाजा उचलला तेव्हाही तसंच वाटत होतं. बखीतचा डोळा फुटला, आणि..." त्यानं उघडा हात वर धरला.

सुरी तशीच होती. पात्याखाली जादच्या मानेवरची शीर उडत होती.

"भाकर," ती म्हणाली. कुणाशी बोलते आहे कळेना. "अवद गेल्यापासून यानं माझी भाकर तोंडात घातली नाही. रोज येणारा पोर उंबरा चढला नाही. मी पाहिलं होतं. तो उंच कापलेला ऊस, तोही पाहिला होता. दोन मेंढे कापले मी. एका माणसाचा डोळा जाऊ दिला. मलाही माहीत होतं."

ती त्याच्या छातीवरून उठली. ही दया होती असं कुणी म्हणू नये. मी तिचं तोंड पाहिलं आहे.

"कफन आण," ती म्हणाली. "आत्ता. बखीत मरायच्या आत."

आमच्याकडे मारणारा स्वतःचं कफन दोन्ही हातांवर घेऊन, उघड्या डोक्यानं, अनवाणी, मेलेल्याच्या माणसांपुढे गेला, तर त्यांनी त्याची मान कापावी किंवा त्याच्या जागी मेंढ्याची. तिसरी वाट नाही. जादकडे कफन कुठलं? उम्म जाद घरी धावली आणि ट्रंकेच्या तळाशी स्वतःसाठी जपून ठेवलेलं पांढरं कापड घेऊन आली. भाजलेल्या दंडाला ते चिकटत होतं.

आम्ही बंधाऱ्यापाशी पोचलो तेव्हा बखीत गळ्यात दोर घालून चिखलात पालथा पडला होता आणि एक पुतण्या त्याच्या पाठीवर पाय देऊन उभा होता. खलफ बंदूक भरत होता.

"बाजूला हो, उम्म अवद. हे पुरुषांचं काम आहे."

"पुरुषांनी डोळा चुकीचा फोडला. आता मानही चुकीची उडवणार?"

जाद गुडघ्यांवर बसला. कफन पुढे धरलं. "मी मारलं, खलफ चाचा. अवदला मी मारलं."

खलफनं क्षणभर पाहिलं आणि बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर घातला. दात कफनावर पडले. दुसरा दस्ता कपाळावर बसला. जादनं हात वर केले नाहीत. खलफनं नळी फिरवून त्याच्या डोक्याला टेकवली.

"रक्त माझं आहे," तफीदा म्हणाली. "सुरीही माझी."

तिनं जादचे केस धरून मान उजवीकडे वळवली. डावीकडे, कानाच्या खाली, पातं लावलं आणि ओढलं. कातडी फाटली. रक्त गळ्यावरून कफनावर आलं. उम्म जाद जागीच खाली बसली. मलाही वाटलं, संपलं. पातं तिथेच थांबलं होतं. अवदनं जेवढा वेळ तिच्याकडे पाहिलं, तेवढाच वेळ ते तिथे होतं.

मग ती वळली आणि मी ओढत आणलेल्या मेंढ्याचा गळा एका हातानं कापला. मेंढा पाय झाडत जादच्या मांडीवर कोसळला. जादचं रक्त आणि मेंढ्याचं रक्त एकाच कापडात मिसळलं.

"बखीतचा दोर सोड," ती खलफला म्हणाली. "आणि सांग, बखीतच का? सात गावांत तुला हाच का दिसला? तुला माहीत आहे, खलफ."

चिखलातून बखीतनं तोंड वर केलं. ओठ फाटला होता तरी तो बोलला.

"जत्रेतली काठी, उम्म अवद. लाठीच्या डावात सगळ्या गावापुढे मी त्याला पाडलं होतं. मी विसरलो, पण त्याला अजून लागते आहे."

पुतण्यांमधला एक हसला आणि हसणं गिळून बसला. खलफनं बंदुकीची नळी जमिनीकडे केली. मग वाकून त्यानं बखीतच्या गळ्यातला दोर सोडला.

जादला त्याच दिवशी नदीपार घालवलं. गाव त्याला कायमचं बंद. तफीदानं खलबत्ता सरळ केला, कॉफी भाजली, कुटली. तीन दिवस माणसं दुखवट्याला येत होती. पहिला कप बखीतच्या हातात गेला. तो एका डोळ्यानं रडला, दुसरी खोबण कोरडीच राहिली. तफीदा तेरा महिन्यांत पहिल्यांदा रडली. जनावरासारखी रडली. भिंतीवर डोकं आपटलं, आम्ही धरलं तर आम्हाला चावली.

चौथ्या दिवशी सकाळी डफ काखेत मारून ती निघाली. कालव्याच्या वरच्या गावात एका बाळंतिणीचं दूध अचानक आटलं होतं आणि ती बाळाकडे पाहत नव्हती.

मी म्हटलं, "थांब, मीही येते."

"तू नको. तुझं तोंड अजून सुजलंय. ती बाई घाबरेल."

वाटेत, घाटावर, उम्म जाद ते कफन धूत बसली होती. डाग निघत नव्हते. तफीदा तिच्या जवळून गेली. सलाम केला नाही, पाऊलही हळू केलं नाही. बांधाच्या वळणावरच्या खजुरांआड डफ दिसेनासा होईपर्यंत उम्म जाद पाहत राहिली. कालव्याचं पाणी कापड ओढत होतं, तिचं तिकडे लक्ष नव्हतं. हातांनी मात्र ते धरून ठेवलं होतं.