सातजणांच्या कड्याची पाटी

११ मार्च १९६३. सात माणसे.

डोंगराच्या कुशीतून रस्ता काढताना सुरुंग वेळेआधी उडाला आणि वरचा कडा मजुरांच्या टोळीवर कोसळला. चौघांची प्रेते काढता आली. उरलेल्या तिघांवरचा दगड हलवील असे यंत्र तेव्हा नव्हते, आणि रस्त्याला मुदत होती. म्हणून रस्ता दगडाला वळसा घालून पुढे गेला. टोळीतल्या कुणीतरी एका फळीवर कोळशाने लिहिले : सातजणांचा कडा. पुढे तो सारा मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला आणि सरकारी नकाशात तेच नाव छापले गेले.

दगडाखाली राहिलेल्या तिघांपैकी एकाचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. मोठा झाल्यावर तो उद्यानाच्याच कार्यशाळेत पाट्या रंगवायला लागला, आणि रंगारी हेच त्याचे नाव होऊन बसले. वडिलांच्या नावाचा दगड कुठे नव्हता. होती ती कड्यावरची लाकडी पाटी. दर हंगामाआधी तिच्यावर रंगाचा नवा हात फिरवायचा, आणि घरी येऊन थोरल्या बहिणीला सांगायचे, “ताई, झाली पाटी.” ताई टपाल कचेरीत पत्रे वेगळी करण्याचे काम करी. ती एवढेच विचारी, “अक्षरं लांबून दिसतात ना?”

रंगाऱ्याला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादाचा एक दंडक होता : रंगाऱ्याने वाचायचे नाही, बघायचे. जो वाचतो त्याचा हात अर्थामागे धावतो आणि अक्षरांमधले अंतर चुकते. नमुन्यात आहे ते फळीवर आले पाहिजे, रेघ कमी नाही आणि जास्तही नाही. रंगाऱ्याने हा दंडक अडतीस वर्षे पाळला.

कड्यासमोरचे विश्रामगृह एका कंपनीने चालवायला घेतले आणि त्याला कड्याचेच नाव दिले. तिच्या माहितीपत्रकात लिहिले होते, की सात मित्र इथे सूर्यास्त पाहायला आले आणि घरी परतायचे विसरून गेले. परतले नव्हते हे खरेच होते. उद्यानाला रंगासाठी मंजुरी कधी वेळेवर मिळत नसे. तेव्हा कंपनीचा व्यवस्थापक दर हंगामाआधी उत्तम प्रतीच्या रंगाचे चार डबे धाडू लागला. डब्यांबरोबर पाटीचा छापील नमुना. नावाच्या शेवटी, वरच्या अंगाला, हरभऱ्याएवढे एक वर्तुळ आणि त्यात एक इंग्रजी अक्षर. ही मदत कुणाला खटकली नाही. फुकट मिळालेल्या वस्तूची पावती आपल्याही हातून फाडली जाते, हे घेणाऱ्याच्या ध्यानात फार उशिरा येते.

अठरा वर्षांनी कंपनीचा करार संपला आणि नवा दुसऱ्या कुणाला मिळाला. कंपनीने सामान हलवले, आणि जाता जाता नोटीस दिली : कड्याचे नाव हे तिचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे, उद्यानाने ते वापरू नये, वापरायचे तर मोल द्यावे.

उद्यानाची कायदा अधिकारी कार्यशाळेत आली. वयाने रंगाऱ्याच्या मुलीसारखी, हातात फोटोंची चळत. तिने कड्याच्या पाटीचा फोटो टेबलावर ठेवला आणि वर्तुळावर बोट टेकवले.

“काका, हे कुणी काढलं?”

“मीच की. एका फटक्यात काढलंय, मॅडम. ब्रश दुसऱ्यांदा टेकवलेला नाही.” त्याच्या आवाजात कसबाचा साधा अभिमान होता.

“याचा अर्थ काय होतो, माहीत होतं तुम्हाला?”

“नमुन्यात होतं.”

“अहो मॅडम,” रंध्याखालचा भुसा झटकत सुतार म्हणाला, “नमुन्यावर माशी मरून पडली असती ना, तर ह्यांनी तीसुद्धा पायांसकट रंगवली असती. माशी टू माशी!”

कुणी हसले नाही. अधिकारी हळू आवाजात म्हणाली, “काका, याचा अर्थ, नाव कंपनीच्या मालकीचं आहे. आणि हे तुम्ही उद्यानाच्या पाटीवर, उद्यानाचा पगार घेऊन, अठरा वर्षं लिहून देत होतात. त्यांच्या नोटिशीला हेच फोटो जोडलेत. उद्यानाला आमची मालकी मान्य होती, असं म्हणणं आहे त्यांचं.”

रंगारी उठला. कोपऱ्यातून त्याने एक जुनी, काढून ठेवलेली पाटी आणली आणि पातळ पात्याने एका टोकाशी रंग खरवडायला सुरुवात केली. थरामागून थर निघत गेले. पाच थरांपर्यंत वर्तुळ होते. त्याखाली नुसते नाव.

“हे बघा. कंपनी यायच्या आधीचं आहे. माझ्या हातचं.”

“मी मांडीन हे,” ती म्हणाली. “पण दावा दहा वर्षं चालेल, आणि मंत्रालयाला दहा वर्षं वाट बघायची नाहीये. ते तडजोड करणार. तोवर पाट्या झाकायच्या. लेखी आदेश आहे.”

त्या संध्याकाळी ताईला सांगणे भाग होते. तिने सगळे ऐकून घेतले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

“म्हणजे बाबांच्या अंगावरची पाटी तू त्यांना लिहून दिलीस.”

“ताई, मला काय ठाऊक...”

“तेच म्हणते मी. मला पत्त्यावरचं एक अक्षर चुकलं तर पत्र भलत्याच्या हाती जायचं, म्हणून मी जन्मभर वाचत बसले. आणि तू? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!” मग, तो ताटावरून उठू लागला तेव्हा, “बस खाली. जेव. उपाशी राहून काय नाव परत येणार आहे?”

आदेश दोन कलमांचा होता. पहिले : सातजणांच्या कड्याच्या पाटीवर ‘दृश्यस्थळ क्रमांक चार’ असा फलक लावावा. दुसरे : तडजोड होईपर्यंत कर्मचाऱ्यांनी पर्यटकांशी बोलताना जुने नाव उच्चारू नये.

रंगाऱ्याने नवा फलक रंगवला. या वेळी त्याने प्रत्येक अक्षर वाचले, आणि उस्ताद म्हणे तसेच झाले : अंतरे चुकली, ‘क्रमांक’ एका बाजूला दाटला. तो फलक घेऊन शिडीवर चढला असताना खाली एक गाडी थांबली. मुलांना घेऊन उतरलेल्या बाईने विचारले, “दादा, या जागेचं नाव काय हो?”

शिडीच्या पायथ्याशी, रस्त्याच्या वळणाआड, तिघांवरचा तो दगड होता. रंगाऱ्याच्या निवृत्तीला अडीच वर्षे उरली होती, आणि निवृत्तिवेतनाच्या कागदावर सही करणारा साहेब पलीकडे उद्यानाच्या जीपमध्ये बसून बघत होता.

“दृश्यस्थळ चार,” तो म्हणाला.

“आणि आधीचं काही?”

“नाही.”

बाईने फोटो काढला आणि गाडी निघून गेली. भीतीने बोललेले खोटे कायद्याच्या लेखी आज्ञापालन ठरते; बोलणाऱ्याच्या लेखी मात्र ते खोटेच राहते. तो दिवसभरात आणखी नऊ जणांना तेच बोलला.

चौदा महिन्यांनी तडजोड झाली. उद्यानाने सरकारी तिजोरीतून रक्कम भरून नाव विकत घेतले. फलक उतरला. कायदा अधिकारी ठरावाची प्रत घेऊन स्वतः घरी आली. ताईने ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

“पैसे कशाचे दिले म्हणायचे?”

“नावाला जो लौकिक आहे, त्याचं मोल, ताई.”

“लौकिक कुणाचा?”

अधिकारी ताईसमोर बसली. मग तिने पिशवीतून कागद काढला आणि म्हणाली, “तुम्ही सांगा, मी लिहिते.”

अर्ज एका पानाचा झाला. नावाला किंमत असेल, तर ती ज्यांच्या मरणाने आली त्यांच्या घरांना काय, एवढाच त्यात प्रश्न होता. ताईने उरलेल्या सहा घरांचे पत्ते शोधून काढले, सह्या गोळा केल्या. शेवटची सही रंगाऱ्याची. सही करण्याआधी त्याने अर्ज दोनदा वाचला.

अर्जाची पोच मिळाली. उत्तर आलेले नाही. कंपनीला ठरलेली रक्कम पूर्ण मिळाली आहे. सात घरांपैकी एकालाही काही दिलेले नाही.